पोर्सेलीन खेकड्याचे बालपण
किनाऱ्यावरील दगडांखाली राहणारा पोर्सेलीन खेकडा हा खऱ्या खेकड्यांच्या गटातला नव्हे. शंखात राहणाऱ्या खेकड्यांचा तो आप्त होय. त्याचा डिंभ, म्हणजे ‘झोइया’, मातापित्यांसारखा मुळीच दिसत नाही. त्याच्या पृष्ठवर्मातून पुढे शरीराहून लांब असा एक आणि मागे दोन कंटक निघतात. त्यामुळे लहान माशांना तो गिळणे अवघड जाते. बहुतेक ज्ञात जातींत झोइयाच्या दोनच अवस्था असतात. नंतर ‘मेगॅलोपा’ होऊन तो तळाशी स्थिरावतो.

जाळ्यात सापडलेल्या डिंभावरून त्याची जात सांगणे मात्र कठीण. त्यासाठी अंडी वाहणारी मादी प्रयोगशाळेत ठेवून, डिंभ वाढवून, त्याच्या प्रत्येक अवस्थेची रेखाटने करावी लागतात. अनेक जातींबाबत हे कार्य अद्याप झालेले नाही. विद्यार्थिमित्रहो, धीराने पाहणाऱ्या डोळ्यांची येथे आजही आवश्यकता आहे.