काँक्रीटची छपाई: यंत्र काय बांधतं, काय नाही

‘२४ तासांत घर तयार’ ही बातमी दर दोन-चार महिन्यांनी मोबाइलवर फिरून येते. सोबतच्या व्हिडिओत एक यंत्र गोल गोल फिरत करड्या रंगाचे थर रचत जातं आणि शेवटी दिवाणखान्यात टीव्हीसुद्धा लागलेला दिसतो. मग गावाकडे घर बांधायला काढलेला कोणी ना कोणी विचारतोच, ‘आपल्याकडे हा प्रिंटर भाड्याने मिळतो का?’ प्रश्न चांगला आहे. पण तो विचारण्याआधी त्या २४ तासांचा हिशेब नीट पाहायला हवा.

हा आकडा जगभर गाजला तो रशियातून. मॉस्कोजवळच्या स्तुपिनो इथे एपिस कोर या कंपनीने ३८ चौरस मीटरचं, म्हणजे चारशे चौरस फुटांच्या आसपासचं घर छापलं आणि २०१७ च्या सुरुवातीला ते जगापुढे आणलं. २४ तास ही यंत्र प्रत्यक्ष चाललेल्या वेळेची बेरीज होती, तीही भिंतींपुरती. काम कडाक्याच्या थंडीत चाललं होतं आणि ते मिश्रण ५ अंशांच्या खाली वापरता येत नव्हतं. त्यामुळे आधी सगळ्या जागेवर तंबू उभारावा लागला. छत, खिडक्या, थंडी अडवणारं अस्तर, रंग हे सगळं नंतर माणसांनी नेहमीसारखंच केलं.

आपल्या देशातलं उदाहरण याहून बोलकं आहे. लार्सन अँड टुब्रोने डिसेंबर २०२० मध्ये तामिळनाडूतल्या कांचीपुरमला तळमजला अधिक एक अशी ७०० चौरस फुटांची इमारत छापली. छपाईला १०६ तास लागले. कंपनीने तेव्हाच स्पष्ट सांगितलं होतं, की आडवे स्लॅब सोडून बाकीचा सांगाडा छापलेला आहे. बातम्यांमधून नेमकं हेच वाक्य गळून पडतं. पाया, छत, दारं-खिडक्या, नळ, वायरिंग, फरशी यांतलं काहीही सध्या हे यंत्र करत नाही. ते भिंती उभ्या करतं, आणि भिंत उभी राहणं हा घराच्या वेळापत्रकातला एक टप्पा असतो. काँक्रीटचं काम केलेल्या कोणालाही हे ठाऊक असतं, पण जाहिरात त्याच्यासाठी नसते.

वेग अजिबात खोटा आहे असं मात्र नाही. जपानमध्ये वाकायामा भागात हात्सुशिमा नावाचं छोटं रेल्वे स्टेशन आहे. मार्च २०२५ मध्ये तिथली नवी इमारत रात्रीची शेवटची गाडी गेल्यावर आणि पहाटेची पहिली गाडी येण्याआधी उभी राहिली. त्यामागचं काम आधीच झालं होतं. भाग दूर कुमामोतोतल्या कारखान्यात छापले होते, ते छापून मजबूत करायला आठवडा लागला होता आणि मग ते ट्रकने आणून क्रेनने जोडले. आतलं काम त्यानंतर कित्येक आठवडे चाललं. तरीही रेल्वे बंद न ठेवता स्टेशन बांधता येणं ही फार मोठी सोय आहे, आणि या तंत्राचं कौतुक करायचं तर ते अशा जागी करावं.

दुसरी समजूत अशी, की प्रिंटरमध्ये नेहमीचंच काँक्रीट ओततात. स्लॅबच्या काँक्रीटमध्ये २० मिलिमीटरची खडी असते. ती लांब नळीतून आणि अरुंद तोंडातून जाताना अडकेल, म्हणून बहुतेक ठिकाणी वापरतात ते खरं तर बारीक वाळूचं मॉर्टर असतं. त्यात सिमेंट, राख किंवा सिलिका फ्यूम, कधी बारीक तंतू आणि वेळेवर घट्ट करणारी रसायनं असतात. या मिश्रणाकडून दोन उलट मागण्या असतात: पंपात असताना ते सहज वाहिलं पाहिजे आणि तोंडातून बाहेर पडताच बसून न जाता उभं राहिलं पाहिजे. मेंदीच्या कोनातून आलेली रेघ जशी हातावर उठून राहते, तसं. एकेक थर साधारण एक-दोन सेंटिमीटर उंचीचा. वरचा थर लवकर आला तर खालचा दबून पोट काढतो. उशिरा आला तर खालच्याचा पृष्ठभाग सुकलेला असतो आणि दोघं एकमेकांना नीट धरत नाहीत. स्लॅब भरताना मिक्सर बंद पडला की इंजिनिअरच्या पोटात गोळा येतो, तो याच कोल्ड जॉइंटच्या भीतीने. इथे तर प्रत्येक थरागणिक तशी एक शक्यता असते.

म्हणून ऊन, वारा, हवेतली आर्द्रता यांना इथे साध्या बांधकामापेक्षा जास्त महत्त्व आहे. छापलेल्या भिंतीला साच्याचं झाकण नसतं. ताज्या थरातलं पाणी सगळ्या बाजूंनी उडतं आणि बारीक तडे पडू शकतात. विदर्भातल्या मे महिन्यात हे काम करायचं तर मांडव, पहाटेची किंवा रात्रीची वेळ आणि पाणी मारण्याचा कडक नेम लागेल. थंड कोरड्या हवेचा अनुभव देशात घेऊन झाला आहे. २०२४ मध्ये लेहला ११,००० फुटांवर सैन्यासाठी जागेवरच एक बंकर छापला गेला. आयआयटी हैदराबाद आणि सिम्प्लिफोर्ज ही कंपनी त्यात होती. जिथे माणसाला श्वास घेणं जड जातं आणि कामाचा हंगाम आखूड असतो, तिथे यंत्राला भिंतीचं काम देणं अगदी रास्त आहे.

आता पैशांकडे. ‘प्रिंटिंग म्हणजे स्वस्त घर’ हे वाक्य सगळ्यात जास्त विकलं जातं. अमेरिकेत टेक्सासमधल्या जॉर्जटाऊनला आयकॉन आणि लेनार या कंपन्यांनी वुल्फ रँच नावाची १०० छापील घरांची वसाहत उभारली. तिथल्या किमती सुमारे साडेचार लाख डॉलरपासून पुढे होत्या. जमीन, छत, फिटिंग, कंपनीचा नफा हे सगळं त्यात आलं. भिंत स्वस्त झाली तरी एकूण किमतीत भिंतीचा वाटाच मर्यादित असतो, त्यामुळे घर तेवढं स्वस्त होत नाही. बेंगळुरूच्या केंब्रिज लेआऊटमधलं टपाल कार्यालय हे देशातलं पहिलं छापील टपाल कार्यालय. ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचं उद्घाटन झालं. १,०२१ चौरस फुटांना सुमारे २३ लाख रुपये लागले, आणि खर्च नेहमीपेक्षा ३० ते ४० टक्के कमी आल्याचं तेव्हा सांगितलं गेलं. म्हणजे चौरस फुटाला साधारण २,२५० रुपये. हा आकडा आपल्या तालुक्याच्या कंत्राटदाराच्या कोटेशनशेजारी ठेवून पाहावा. कोणाला तो स्वस्त वाटेल, कोणाला नाही.

बचत खरी होते ती सेंट्रिंगवाल्याच्या कामात. एखादा कॉलम भरायचा तर आधी प्लायच्या फळ्या कापायच्या, तेल लावायचं, पेटी ठोकायची, ओळंबा लावून टेकू द्यायचे, काँक्रीट भरायचं, मग पेटी खोलायची आणि खिळे उपटायचे. भिंत सरळ असेल तर त्याच फळ्या दहा वेळा वापरता येतात. गोल, पिळदार किंवा दर मीटरला वेगळी असेल तर साचा एकदाच वापरून फेकावा लागतो आणि खर्च कुठल्या कुठे जातो. प्रिंटरला सरळ आणि वाकडं सारखंच. त्यामुळे चौकोनी खोल्यांच्या साध्या घरासाठी हे यंत्र आणणं मला महागडा हट्ट वाटतो, आणि जिथे आकारच अवघड आहे तिथे त्याच्याइतकं सोयीचं दुसरं साधन दिसत नाही.

सगळ्यात गंभीर शंका मात्र भूकंपाची आहे. व्हिडिओत सळई दिसत नाही, तेव्हा ‘लोखंडाशिवाय बांधलेलं हे पत्त्याचं घर आहे’ असं लोक म्हणतात. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांनी पाहिली त्यांनी असं विचारलंच पाहिजे. तिथे दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचा मातीचा जड भार एकमेकांशी बांधलेले नव्हते, आणि माणसं त्याखाली गेली. काँक्रीट दाब सोसतं, ताण सोसत नाही. छापलं म्हणून त्याचा स्वभाव बदलत नाही.

पण लोखंड घालता येत नाही हे खरं नाही. रूढ पद्धत अशी की भिंत दुपदरी, पोकळ छापायची, पोकळीत पायातून वर आलेल्या सळया ठेवायच्या आणि ती साध्या काँक्रीटने भरायची. छापलेले पदर मग कायमच्या शटरिंगचं काम करतात आणि आतल्या आरसीसीचा हिशेब इंजिनिअर नेहमीच्या नियमांनी करू शकतो. कांचीपुरमला उभ्या-आडव्या सळया आणि जाळी वापरली होती. नेदरलँड्समध्ये गेमर्टला २०१७ मध्ये सायकलींसाठी छापील पूल झाला. त्याचे भाग एकमेकांना पोलादी केबल ताणून घट्ट आवळले आहेत. स्वित्झर्लंडच्या मुलेग्न्स या अगदी छोट्या गावात मे २०२५ मध्ये खुला झालेला ३० मीटर उंच पांढरा मनोरा तर पाहण्यासारखा आहे. ईटीएच झुरिकमध्ये त्याचे खांब छापताना एक रोबो काँक्रीटचे थर देत होता आणि दुसरा ठरावीक उंचीवर पोलादी कडी ठेवत होता.

प्रश्न उरतो तो तपासणीचा. ओतलेल्या काँक्रीटचा ठोकळा कुठूनही दाबला तरी ताकद जवळपास सारखीच येते. छापलेल्या भिंतीची ताकद थराच्या दिशेने वेगळी आणि थरांना वेगळं ओढण्याच्या दिशेने वेगळी असते. त्यामुळे त्याच मिश्रणाचे नुसते क्यूब भरून लॅबला पाठवणं पुरेसं नाही, छापलेल्या भागातून तुकडे कापून तपासावे लागतात. छापील बांधकामाच्या गुणवत्तेसाठीचं आयएसओ-एएसटीएम ५२९३९ हे आंतरराष्ट्रीय मानक २०२३ मध्ये आलं, म्हणजे अगदी अलीकडे. कोणी छापील घर विकायला आलं तर जोतं, भिंत आणि स्लॅब एकमेकांना सळयांनी कसे बांधले आहेत याचं ड्रॉइंग मागावं. ते दाखवायला जो टाळाटाळ करतो त्याच्याकडून घर घेऊ नये.

पर्यावरणाचा दावा अर्धा खरा. प्लाय आणि मालाची नासाडी कमी होते. पण खडी नसल्याने एक घनमीटर मिश्रणात सिमेंट बरंच जास्त जातं आणि जगाच्या कार्बन उत्सर्जनात सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. भिंत पोकळ आणि बारीक ठेवली तर फायदा, नाहीतर तोटाच.

राहिला गवंडी. त्याचं काम जाईल का? विटा रचण्याचं काम त्या जागेवर नक्की कमी होतं. मिश्रणावर नजर ठेवणारा, पंप सांभाळणारा, सळया बांधणारा, छत टाकणारा, गिलावा आणि फिनिशिंग करणारा माणूस लागतोच. यातलं मिश्रण ओळखण्याचं कसब अनुभवी मिस्त्रीच्या हातात आधीपासून आहे. ‘माल आज जरा सैल आहे’ हे तो घमेल्याकडे बघून सांगतो. त्याला बिगारी म्हणून हाकलण्याऐवजी पंपाजवळ उभं करणं शहाणपणाचं ठरेल, आणि त्याचं रीतसर प्रशिक्षण आयटीआयमधून सुरू व्हायला हवं असं मला मनापासून वाटतं.

खरी अडचण आपल्या सवयीची येईल. भिंत उभी राहिल्यावर स्विचबोर्डाची जागा ठरवायची, मग छिन्नी-हातोड्याने झिरी मारून पाइप घालायचा, ही आपल्याकडची सर्रास रीत. छापील भिंतीत पाइपांच्या आणि बॉक्सच्या जागा पहिला थर पडण्याआधीच फाइलमध्ये ठरलेल्या असाव्या लागतात. बेंगळुरूच्या त्या टपाल कार्यालयाचं काम २१ मार्च २०२३ ला सुरू होऊन ३ मे रोजी संपलं. मध्ये थोडा उशीर झाला, तो छपाईमुळे नव्हे तर सांडपाण्याच्या आणि पाण्याच्या लाइनची जुळवाजुळव करताना.