घटक 4 : जलरंग कार्यशाळेची पूर्वतयारी – साहित्याची निवड आणि जमवाजमव

4.1 उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला

- नवशिक्यांच्या जलरंग कार्यशाळेसाठी कोणते साहित्य लागते व का लागते, हे सांगता येईल.
- कागद, कुंचला आणि रंग यांची साधी परीक्षा घेता येईल.
- सहभागींच्या संख्येवरून साहित्याचे परिमाण काढता येईल.
- सामूहिक खरेदी आणि घरून आणावयाच्या वस्तू यांची विभागणी करता येईल.

4.2 प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, 'साहित्य' या शब्दाची व्युत्पत्ती तुम्ही काव्यशास्त्राच्या अभ्यासात पाहिली आहे. शब्द आणि अर्थ यांचे 'सहित' असणे म्हणजे साहित्य, असे आपण तेथे शिकलो. गंमत अशी, की सुताराची करवत, स्वयंपाकाचा शिधा आणि चित्रकाराचे रंग यांनाही मराठी माणूस 'साहित्य'च म्हणतो. जलरंगाच्या बाबतीत हा शब्द विशेष अन्वर्थक आहे. कागद, पाणी, रंग आणि कुंचला ही चार अंगे परस्परांशी जुळली, तरच चित्र साधते. एक जरी विजोड असेल, तरी उरलेली तीन निष्प्रभ होतात.

तुमच्यापैकी काहींनी शाळेत असताना एलिमेंटरी किंवा इंटरमिजिएट ही चित्रकलेची शासकीय परीक्षा दिली असेल. पुष्कळांनी मात्र शाळा सुटल्यानंतर कुंचला हाती धरलेला नसेल. गावातील वाचनालय, महिला मंडळ, ज्येष्ठ नागरिक संघ किंवा तुमचेच अभ्यासकेंद्र यांच्या वतीने प्रौढांसाठी चित्रकार्यशाळा योजण्याचे काम उद्या तुमच्याकडे येऊ शकते. अशा वेळी मार्गदर्शक कोण, याचा विचार सर्वजण करतात. साहित्याची यादी मात्र बहुधा आदल्या दिवशी घाईघाईने केली जाते. या घाईची किंमत कोणाला मोजावी लागते, हे या घटकात पाहावयाचे आहे.

4.3 विषय-विवेचन

4.3.1 साहित्याचा दोष आणि हाताचा दोष

पुढील प्रसंग डोळ्यांसमोर आणा. निवृत्तीनंतर प्रथमच रंग हाती घेतलेल्या एका बाई वहीच्या पातळ कागदावर निळे आकाश रंगवीत आहेत. पाणी लागताच कागद फुगतो, त्यात खळगे पडतात, रंग खळग्यांत साचतो. तो सारखा करण्यासाठी त्या पुन्हा कुंचला फिरवतात, तेव्हा कागदाचा लगदा सुटू लागतो. शेजारी मार्गदर्शकाच्या जाड कागदावर तेच आकाश सहज उतरलेले असते. बाईंचा निष्कर्ष ठरलेला असतो : 'माझा हातच चित्राचा नाही.'

हा निष्कर्ष चुकीचा आहे. पण तो त्या बोलून दाखवणार नाहीत आणि दुसऱ्या दिवशी येणारही नाहीत. अनुभवी चित्रकाराला साहित्याचा दोष ओळखता येतो, नवशिक्याला येत नाही. तो प्रत्येक अपयश स्वतःच्या खाती मांडतो. म्हणून 'शिकाऊ लोकांना काहीही चालते' हा प्रचलित समज मुळातच उलटा आहे. नवशिक्याला महागडे साहित्य लागत नाही, परंतु विश्वासार्ह साहित्य अवश्य लागते.

4.3.2 कागद : खर्चातील पहिला मान

पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरण्याची प्रथा नाही. चित्रातील उजेड हा कागदाचाच उजेड असतो. रंगाच्या पातळ थरातून प्रकाश कागदापर्यंत जातो व तेथून परावर्तित होतो. सा. ल. हळदणकर यांचे 'ग्लो ऑफ होप' हे दिवा घेतलेल्या स्त्रीचे प्रसिद्ध चित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे. अनेकजण ते राजा रविवर्म्याचे समजतात. प्रत्यक्षात ते हळदणकरांचे असून जलरंगात केलेले आहे. जलरंगात उजेडाची केवढी शक्यता असते, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

कागदाची जाडी 'जीएसएम'मध्ये सांगतात. एक चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधील वजन, असा त्याचा अर्थ. जलरंगासाठी 300 जीएसएम कागद घ्यावा. तो पाण्याने फारसा फुगत नाही. जलरंगाच्या कागदाचा पूर्ण ताव साधारणपणे 56 × 76 सेंटीमीटरचा (22 × 30 इंच) असतो. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 0.43 चौरस मीटर भरते. म्हणजे 300 जीएसएमचा एक ताव सुमारे 128 ग्रॅम वजनाचा असला पाहिजे. दुकानदाराच्या शब्दाविषयी शंका वाटल्यास ताव तराजूवर ठेवून पाहता येतो.

पृष्ठभाग तीन प्रकारचे असतात : गुळगुळीत, मध्यम खरबरीत आणि खरबरीत. नवशिक्यांसाठी मध्यम खरबरीत कागद सोयीचा. त्यावर रंग धरतो आणि पेन्सिलही चालते.

कागदाला दिलेली खळ हा तिसरा मुद्दा. खळ नसलेला कागद टीपकागदासारखा वागतो. परीक्षा सोपी आहे. कागदाच्या कोपऱ्यावर पाण्याचा एक थेंब ठेवा. तो काही काळ गोल राहिला, तर खळ योग्य आहे. तत्काळ जिरून पसरला, तर तो कागद रंगकामास निरुपयोगी. सुंदर दिसणारा हातकागद घेतानाही ही परीक्षा टाळू नये. कारण तो पुष्कळदा लेखनासाठी, पत्रिकांसाठी किंवा पिशव्यांसाठी केलेला असतो. दमट जागी ठेवलेल्या कागदाची खळ बिघडते व रंग लावताच त्यावर डाग उमटतात. म्हणून कोकणात किंवा पावसाळ्यात कागद प्लास्टिकमध्ये गुंडाळून, जमिनीपासून उंच ठेवावा.

4.3.3 कुंचले

प्रत्येक सहभागीस दोन गोल कुंचले पुरेसे आहेत : एक मध्यम (8 क्रमांकाच्या आसपास) आणि एक मोठा (12 क्रमांकाच्या आसपास). एक इंची चपटा कुंचला दोघांत मिळून एक चालेल. अगदी बारीक कुंचले सुरुवातीस देऊ नयेत. ते हाती आले, की नवशिका पापण्या आणि पाने मोजू लागतो व चित्राचा एकसंध विचार मागे पडतो.

कुंचला विकत घेण्यापूर्वी तो पाण्यात बुडवून झटकून पाहावा. केस एकत्र येऊन टोक जुळले पाहिजे. टोक दुभंगत असेल, तर तो कुंचला परत करावा. कृत्रिम तंतूंचे कुंचले आज सर्वत्र मिळतात आणि आपल्या कामास ते योग्य आहेत. एक दक्षता मात्र अनिवार्य आहे. मुंगसाच्या केसांचे कुंचले कोणी देऊ केले, तर ते घेऊ नयेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 अन्वये मुंगूस हा संरक्षित प्राणी असून त्याच्या केसांचा व्यापार हा गुन्हा आहे.

4.3.4 रंग

जलरंग म्हणजे रंगद्रव्याची अतिसूक्ष्म पूड आणि डिंक यांचे मिश्रण. डिंक पाण्यात विरघळत असल्यामुळे तबकडीवर वाळलेला रंगही ओल्या कुंचल्याने पुन्हा जागा होतो. तो धुऊन टाकू नये. पोस्टर रंग हे निराळे, अपारदर्शक माध्यम आहे. यादीत केवळ 'वॉटर कलर' असे लिहिल्यास निम्मे लोक पोस्टर रंगाच्या बाटल्या घेऊन येतील. म्हणून 'पारदर्शक जलरंग, ट्यूब' असे स्पष्ट लिहावे.

चोवीस रंगांची पेटी आकर्षक वाटते, परंतु ती मिश्रण शिकू देत नाही. पुढील आठ रंग पुरेत : लेमन यलो, गडद पिवळा, वर्मिलियन, क्रिमसन, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू, यलो ऑकर आणि बर्न्ट सिएन्ना. मूळ तीन रंगांच्या प्रत्येकी दोन छटा घेण्याचे कारण असे, की क्रिमसन व अल्ट्रामरीन यांपासून स्वच्छ जांभळा मिळतो, तर वर्मिलियन व प्रशियन ब्लू यांपासून मळकट तपकिरी. लेमन यलो व प्रशियन ब्लू यांचा हिरवा तजेलदार असतो. अल्ट्रामरीन व बर्न्ट सिएन्ना मिळून पावसाळी ढगांचा करडा रंग तयार होतो. त्यामुळे काळ्या रंगाची गरजच उरत नाही.

मोठ्या ट्यूब घेऊन पाच जणांच्या गटात एक संच ठेवावा. प्रत्येकाच्या तबकडीत हरभऱ्याएवढा रंग काढून द्यावा. काही रंगद्रव्ये विषारी असतात. कुंचल्याचे टोक ओठांनी जुळवण्याची सवय कोणी लावून घेऊ नये, ही सूचना आरंभीच द्यावी.

4.3.5 घरचे साहित्य

सर्वच विकत घेण्याची आवश्यकता नाही. पुढील वस्तू प्रत्येकाने घरून आणाव्यात.

- पाण्यासाठी दोन डबे : एक कुंचला धुण्यासाठी, दुसरा स्वच्छ पाण्यासाठी. एकच डबा असल्यास तासाभरात सर्व रंग मळतात.
- जुने सुती धोतर, लुगडे किंवा पंचा यांचा तुकडा. कृत्रिम धाग्याचे कापड पाणी टिपत नाही.
- पांढरी चिनीमातीची बशी : तबकडी म्हणून. नव्या प्लास्टिकवर पाण्याचे थेंब गोळा होतात व मिश्रण नीट दिसत नाही.
- एचबी पेन्सिल व मऊ रबर.
- परीक्षेचे पॅड : लहान कागद चिकटपट्टीने त्यावर बसवता येतो. मोठ्या कागदासाठी हार्डबोर्डचा तुकडा आयोजकांनी द्यावा.

4.3.6 परिमाणाचा हिशेब

20 सहभागी आणि दोन दिवस असे गृहीत धरू. सरावासाठी प्रत्येकी 6 लहान कागद (तावाचा आठवा भाग) आणि शेवटच्या चित्रासाठी प्रत्येकी 1 मोठा कागद (तावाचा चौथा भाग) द्यावयाचा आहे.

- सरावाचे कागद : 20 × 6 = 120; 120 ÷ 8 = 15 ताव
- शेवटच्या चित्राचे कागद : 20 ÷ 4 = 5 ताव
- राखीव (एकूण 20 तावांच्या दहा टक्के) : 2 ताव
- एकूण : 22 ताव
- गोल कुंचले : 20 × 2 = 40; चपटे : 10
- रंगांचे संच : 20 ÷ 5 = 4

राखीव कागद ही चैन नव्हे. 'चुकला तर दुसरा मिळेल' हा दिलासा असला, की माणूस धीटपणे पाणी वापरतो.

4.3.7 सामूहिक खरेदी का?

'प्रत्येकाने आपापले साहित्य आणावे' ही सूचना आयोजकाला सोयीची, परंतु कार्यशाळेला मारक असते. वीस प्रकारच्या कागदांवर एकच प्रात्यक्षिक वीस प्रकारे उतरते आणि मार्गदर्शकाला कोणाची चूक कोठे झाली, ते कळत नाही. शिवाय मेजावरच आर्थिक भेद मांडला जातो : एकीकडे परदेशी पेटी, तर दुसरीकडे नातवाच्या दप्तरातील रंग. कागद, कुंचले व रंग शुल्कातून एकत्रित घेतल्यास सर्वांची सुरुवात समान पातळीवर होते. निधी अपुरा पडल्यास रंगांची संख्या कमी करावी, कुंचला एक करावा, परंतु कागदाची प्रत उतरवू नये.

खरेदी एकदम करू नये. शितावरून भाताची परीक्षा करावी, या न्यायाने प्रथम एक ताव, एक कुंचला व दोन रंग आणून मार्गदर्शकाकडून एक सरावचित्र करवून घ्यावे. ते समाधानकारक झाले, तरच उर्वरित मागणी नोंदवावी. यासाठी किमान तीन आठवडे हाती असावेत.

4.4 सारांश

जलरंग कार्यशाळेत साहित्याची निवड हा शिकवण्याचाच भाग आहे. नवशिका साहित्याचा दोष स्वतःचा मानतो. म्हणून खर्चाचा क्रम कागद, कुंचला, रंग असा असावा. थेंबाची, वजनाची व टोकाची परीक्षा कोणालाही करता येते. रंग मोजके, राखीव कागद पुरेसा आणि घरगुती वस्तूंचा उपयोग, या तीन गोष्टींनी खर्च आटोक्यात राहतो. तुमच्या यादीतील एक योग्य ओळ एखाद्या माणसाला 'माझा हात चित्राचा नाही' या समजुतीतून सोडवू शकते, हे विसरू नका.

4.5 स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

1. जलरंगाच्या चित्रात उजेड कोठून येतो?
2. वाळलेला जलरंग पुन्हा वापरता येतो, याचे कारण काय?
3. 32 सहभागींना प्रत्येकी 5 लहान कागद (तावाचा आठवा भाग) द्यावयाचे असल्यास, राखीव सोडून किती ताव लागतील?

उत्तरे : 1. रंगाच्या पातळ थरातून जाऊन कागदावरून परावर्तित होणाऱ्या प्रकाशामुळे. 2. त्यातील डिंक पाण्यात विरघळतो. 3. 160 ÷ 8 = 20 ताव.

4.6 क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील लेखनसाहित्याच्या दुकानातून तीन प्रकारचे कागद मिळवा. प्रत्येकावर थेंबाची परीक्षा करा आणि एकाच निळ्या रंगाचा पातळ थर द्या. कागद वाळल्यानंतर आढळलेले फरक दीडशे शब्दांत नोंदवा व ती नोंद संपर्कसत्रात सादर करा.