कॉलेजात बदनाम झालेला ‘गोटू’ लिनक्सला का चालतो?

अँड्रॉइड फोनच्या मुळाशी लिनक्स कर्नल असतो. कॅमेरा, वायफाय, टचस्क्रीन यांना त्या कर्नलशी जोडणारा कोड म्हणजे ड्रायव्हर. नवा ड्रायव्हर स्वीकारण्याआधी इतर प्रोग्रॅमर तो ओळ न् ओळ तपासतात. त्यांचा एक प्रश्न ठरलेला असतो: मध्येच काही फसलं तर?

फसलं तर काय होतं?

समजा, कॅमेऱ्याचा ड्रायव्हर आधी वीजपुरवठा चालू करतो, मग मेमरी मागतो आणि शेवटी इंटरप्ट नोंदवतो. इंटरप्ट म्हणजे ‘हातातलं काम थांबवा, इकडे बघा’ असं हार्डवेअरने प्रोसेसरला कळवणं. ही तिसरी पायरी फसली, तर उलट्या क्रमाने मागे यावं लागतं. आधी मेमरी परत, मग वीज बंद. ड्रायव्हरने नुसता एरर कळवून काढता पाय घेतला, तर मेमरी अडकते आणि बंद पडलेला कॅमेरा बॅटरी खात बसतो. नेहमीच्या टेस्टिंगमध्ये हे सहसा सापडत नाही. टेस्टरच्या टेबलावर सगळं सुरळीत चालत असतं!

मग ‘गोटू’ कशाला?

एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६८ मध्ये गोटूविरुद्ध गाजलेलं पत्र लिहिलं. इंजिनीअरिंगच्या वर्गात आजही गोटू वापरला की ओरडा बसतो. लिनक्सची कोडिंग स्टाइल मात्र अशा आवराआवरीसाठी तोच सुचवते. फंक्शनच्या शेवटी आवरण्याच्या पायऱ्या एकाखाली एक लिहायच्या आणि जिथे फसलं, तिथून योग्य पायरीवर उडी मारायची. त्याखालचं सगळं ओळीने आवरलं जातं.

या पायऱ्यांच्या लेबलांची नावंही तपासली जातात. ‘एरर१’, ‘एरर२’ नको, ‘एरर_फ्री_बफर’ हवं. मध्ये एखादी पायरी वाढली की आकड्यांचा क्रम कोलमडतो, शिवाय आकड्यावरून काय आवरलं जाणार हे कळत नाही. सगळ्या चुकांना एकच लेबल देणं तर आणखी धोक्याचं. जी मेमरी मिळालीच नाही, तिच्या आतलं काही मोकळं करायला गेलं, की कर्नल कोसळू शकतो.

आपोआप आवरलं तर?

तशी सोय आहे. ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शन वापरली, तर डिव्हाइस काढताना किंवा सुरुवातच फसल्यावर कर्नल स्वतः उलट्या क्रमाने आवरतो. पण अर्धं आपोआप आणि अर्धं हाताने केलं, तर घोळ होतो. ड्रायव्हर निघताना मेमरी हाताने आधीच मोकळी होते, इंटरप्ट मात्र आपोआप, म्हणजे त्यानंतर बंद होणार असतो. नेमका त्या क्षणी इंटरप्ट आला, तर तो मोकळ्या केलेल्या मेमरीलाच हात घालतो.