भागिले किती?

मे २०१७मध्ये मराठवाड्यातल्या एका सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात पीएसएमच्या (प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राच्या) एमडीला लागले आणि २०१९ सरता सरता थिसिसच्या बांधीव प्रती विद्यापीठात पोचत्या झाल्या. विषय ठरीव होता: ग्रामीण भागातल्या तिशीपुढच्या लोकांमधला उच्च रक्तदाब. विभागाच्या कपाटात याच विषयाचे जुने थिसिस होते, फक्त गावांची नावं वेगळी. रेसिडेंटला असा विषय मिळतो, कारण तो तीन वर्षांत उरकतो. आठ-दहा वर्षं माणसांच्या मागावर राहणारा अभ्यास परीक्षेच्या वेळापत्रकात बसत नाही. तेव्हा मला विषयाची जराशी लाज वाटायची. पुढे ती गेली, त्याचं श्रेय गाइड मॅडमना.

सॅम्पल साइजपासूनच त्याची सुरुवात झाली. आपल्याकडच्या पीजींना झोपेतही म्हणता येणारं सूत्र म्हणजे चार पी क्यू भागिले एल वर्ग. २०१४मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात भारतीय प्रौढांमधलं उच्च रक्तदाबाचं प्रमाण सुमारे ३० टक्के निघालं होतं. म्हणून पी ३०, क्यू ७० आणि एल, म्हणजे चुकीची मुभा, पीच्या एक पंचमांश, म्हणजे ६. आठ हजार चारशे भागिले छत्तीस, उत्तर २३४. सगळे असंच करतात. मॅडमनी कागद बघितला आणि विचारलं, "ही सहाची मुभा तुला कुणी दिली? म्हणजे तुझं उत्तर २४ ते ३६ यांमध्ये कुठेही असणार. तालुका आरोग्य अधिकाऱ्याने त्यावरून गोळ्या किती मागवायच्या?" मुभा पाचवर आणली, आकडा ३३६ झाला. मग निवड गावनिहाय होती, आणि एकाच गावातल्या माणसांचं खाणंपिणं, काम, दवाखाना बरंचसं सारखं असतं; म्हणून डिझाइन इफेक्ट दोन धरून दुप्पट. त्यावर नकार देणारे आणि न भेटणारे. आकडा साडेसातशेच्या घरात गेला. माझा चेहरा पडलेला पाहून त्या म्हणाल्या, "कमी माणसं हवी असतील तर कमी मोठा प्रश्न विचार."

सिनॉप्सिस नाशिकला आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे जायच्या बेतात होता, तेवढ्यात १३ नोव्हेंबर २०१७ला अमेरिकेतल्या हृदयरोगाच्या संस्थांनी उच्च रक्तदाबाची रेघ १४०/९०वरून १३०/८०वर आणली. तिथल्या प्रौढांमधलं प्रमाण ३२ टक्क्यांवरून ४६ टक्क्यांवर गेलं आणि कुणाच्याही रक्तदाबात मिलिमीटरभरही फरक पडला नव्हता. वसतिगृहात आमची त्यावर रात्रभर चर्चा. नवी रेघ घेतली तर थिसिस ताजा दिसेल, असं बहुतेकांचं मत. मॅडमनी १४०/९०च ठेवायला सांगितलं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात उपचार याच रेघेवर सुरू होतात, हे एक कारण. दुसरं मला जास्त पटलं: रेघ कुठे मारायची ते आकडे हातात यायच्या आधी ठरवायचं आणि लिहून टाकायचं, म्हणजे नंतर हात शिवशिवत नाहीत.

एथिक्स कमिटी, संमतीपत्राचं मराठी, ते परत इंग्रजीत करून ताडून पाहणं, अंगठा घेताना साक्षीदार कोण, हे सगळं यथासांग झालं. त्याबद्दल विशेष सांगण्यासारखं नाही. खरा अभ्यास २०१८च्या दिवाळीनंतर गावात सुरू झाला आणि सुरू होताच अडला.

बीडकडच्या गावांत दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाकडून उचल घेतलेले कोयते ऊसतोडीला निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. ट्रॅक्टर भरून टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात साखर कारखान्यांवर जातात त्या पाडव्याच्या आगेमागे परततात. त्या वर्षी पाऊसही दगा देऊन गेला होता. ऑक्टोबरअखेर शासनाने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. गावं जास्तच रिकामी झाली. आशाताईंच्या यादीतून ठरावीक अंतराने निवडलेल्या घरांसमोर उभं राहावं तर दाराला कुलूप. ओट्यावरची आजी सांगायची, "समदी कारखान्याला गेलीत बाई. आता पाडव्याला या."

अशा वेळी रूढ तोडगा म्हणजे शेजारचं घर घेणं. तो मॅडमनी एका वाक्यात बंद केला. शेजारी कोण असणार? म्हातारी माणसं, शाळामास्तर, विहीर असलेला शेतकरी. म्हणजे गेलेल्या तरुण, अंगमेहनतीच्या माणसांच्या जागी मी राहिलेल्या, वयाने मोठ्या माणसांचा रक्तदाब लिहिणार आणि वर "गावातलं प्रमाण" म्हणणार. कुलूपबंद घरातल्या प्रत्येकाचं वय, लिंग, कुठल्या कारखान्याला गेला, कधी येणार, एवढं शेजाऱ्यांकडून लिहून घ्यायचं आणि थांबायचं, असा हुकूम झाला. दर सोमवारी मी मोजलेल्यांचा आकडा घेऊन जायचे आणि त्या एकच विचारायच्या, "भागिले किती?"

थांबण्यातून दुसरं लचांड उभं राहिलं. रक्तदाब ऋतूप्रमाणे हलतो. थंडीत चढा असतो, उन्हाळ्यात उतरतो. घरी राहिलेल्यांना मी थंडीत मोजलं होतं आणि ऊसतोडीवाल्यांना मोजणार होते एप्रिल-मेच्या उन्हात. दोघांत फरक दिसला तर तो कोयत्याचा की हवेचा? शेवटी थंडीत मोजलेल्यांपैकी काही घरं चिठ्ठ्या टाकून निवडली आणि भर उन्हाळ्यात परत मोजली. एथिक्स कमिटीकडे मुदतवाढीचं आणि बदलाचं पत्र द्यावं लागलं. कपाटातल्या कुठल्याच थिसिसमध्ये मला असं काही सापडलं नाही, आणि त्याबद्दल त्या रेसिडेंटांना दोष देता येत नाही. कुणीतरी विचारावं लागतं.

परतलेली माणसं तरी घरी कुठे होती? पाणी नाही, चारा नाही, म्हणून जनावरं घेऊन चारा छावण्यांत. मग मोजमाप तिथेच, संध्याकाळी, प्लास्टिकच्या खुर्चीवर. तीन वेळा मोजायचं, शेवटच्या दोहोंची सरासरी घ्यायची. त्याआधी अर्धा तास चहा, विडी, मिसरी बंद. मिसरी न लावता अर्धा तास बसवून ठेवणं हे या संशोधनातलं सगळ्यात अवघड काम होतं, हे थिसिसच्या कुठल्याही प्रकरणात लिहिता येत नाही.

वय हा आणखी एक घोळ. आधार कार्डांवर एक जानेवारी ही जन्मतारीख असलेली माणसं इतकी भेटली की तो गावोगावचा सामुदायिक वाढदिवस वाटावा. मग बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही खडी फोडायला होता की कडेवर होता, किल्लारीच्या भूकंपाच्या वेळी थोरलं लेकरू शाळेत जात होतं का, असं विचारत वय बसवायचं. उत्पन्नाचा प्रश्न त्याहून बिकट. बी. जी. प्रसाद यांची १९६१ची वर्गवारी महागाई निर्देशांकाने गुणून आपण अजून वापरतो; तिला दरडोई मासिक उत्पन्न लागतं. उचल आधीच खर्चून बसलेल्या, मुकादमाला देणं लागणाऱ्या घराचं मासिक उत्पन्न काय लिहायचं? प्रोफॉर्मात आम्ही कर्जाचा वेगळा रकाना घातला. त्याचं विश्लेषण धड जमलं नाही, पण रकाना घातला हे बरं केलं.

याच काळात, एप्रिल २०१९मध्ये, बीडमधल्या ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली. शासनाने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणी झालेल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली, म्हणजे जवळपास १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत, २०१५-१६ला, देशातल्या १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये हे प्रमाण सुमारे ३ टक्के होतं. विभागात आमचं रक्त तापलं होतं. मॅडमचंही तापलं असणार, पण त्यांनी फळ्यावर दोन्ही आकडे लिहून वयोगट विचारले. दोन्हीकडे वयाची चौकट एकच आहे का, हे न पाहता आकडे शेजारी ठेवले, तर उद्या कुणी तेवढ्या एका चुकीवर सगळंच उडवून लावेल. ज्या बायका कामाचा एक दिवस बुडाला की दंड भरतात, त्यांची बाजू कच्च्या आकड्यावर उभी करू नये, एवढंच त्यांचं म्हणणं. संतापाआड गणित येतं असं मला आधी वाटायचं.

पावसाळाभर मास्टर चार्ट, तक्ते, लॉजिस्टिक रिग्रेशन. हे सॉफ्टवेअर करतं, त्याचं कौतुक आपण फार करतो. मर्यादांचं प्रकरण मात्र मॅडमनी मला पुन्हा पुन्हा लिहायला लावलं आणि ते इतकं लांबलं की तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी निम्मा वेळ त्यातच घालवला. प्रत ग्रंथालयात गेली. तालुका आरोग्य कार्यालयात एक पानी सारांश मी स्वतः नेऊन दिला, कारण तसा नियम कुठेच नाही. ज्यांना मोजलं त्यांच्या जिल्ह्यात निष्कर्ष पोचवण्याची सक्ती नसणं मला आजही विचित्र वाटतं.

त्या तोंडी परीक्षेआधीच ९ मार्च २०२०ला पुण्यात राज्यातले पहिले कोरोना रुग्ण सापडले होते. परीक्षा लांबल्या आणि थिसिस देऊन मोकळे झालेले आम्ही संपर्क शोधण्याच्या कामाला जुंपले गेलो. रोज संध्याकाळी वर पाठवायच्या तक्त्यात त्या दिवशी सापडलेले रुग्ण, बरे झालेले, मृत्यू, असे रकाने होते. त्या दिवशी तपासण्या किती झाल्या याला जागाच नव्हती. मी पट्टी घेऊन एक रकाना वाढवला आणि तक्ता पाठवून दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी वरून फोन आला: तुमचा तक्ता आमच्या नमुन्यात बसत नाही, तो जास्तीचा रकाना काढून परत पाठवा. मी तो काढला आणि तपासण्यांचा आकडा शेरा या रकान्यात लिहून पाठवला.