सर्व्हे नंबर शून्यावरची शाळा

गुजरातमधलं खाराघोडा मागे पडलं की झाडं संपतात आणि कच्छचं छोटं रण सुरू होतं. जवळपास ५,००० चौरस किलोमीटरची ही सपाट, भेगाळलेली, खारट जमीन पावसाळ्यात पाण्याखाली असते. पाणी ओसरलं की नवरात्र-दिवाळीच्या सुमारास सुरेंद्रनगर, मोरबी, पाटण या जिल्ह्यांतल्या गावांमधून मीठ पिकवणारी अगरिया कुटुंबं ट्रॅक्टरवर बिऱ्हाड लादून रणात उतरतात. पंप, पाइप, पत्र्याची पेटी, पिण्याच्या पाण्याची टाकी, अंथरुणं, आणि या सगळ्यावर बसलेली पोरं. मीठ काढून ही मंडळी गावी परततात ती मे संपता संपता. शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, तेव्हा वर्षातले पहिले चारेक महिने सोडले तर बाकी सगळं शिक्षण रणातच व्हायला हवं. पण रणात शाळा आणायची कुठून?

देशातल्या मिठापैकी तीन-चतुर्थांशाहून जास्त मीठ एकट्या गुजरातचं. त्यातलं जाड खड्यांचं ‘वडागरं’ मीठ या रणात पिकतं. पिकतं हाच शब्द इथे चालतो. जमिनीखालचं खारं पाणी उपसायचं, एका पाट्यातून, म्हणजे मिठाच्या उथळ वाफ्यातून, दुसऱ्या पाट्यात खेळवत उन्हात आटवायचं आणि खडे धरू लागले की लाकडी दाताळ्याने दिवसातून पुन्हा पुन्हा ओढत राहायचं. पाण्याचा खारेपणा बोमे अंशांत मोजतात. पाणी २४ अंशांच्या आसपास आलं की मीठ बसायला लागतं. हे गणित दहा वर्षांच्या पोराला पाठ असतं, आणि पाठ्यपुस्तकात मात्र त्याचा मागमूस नसतो.

एका आगरापासून दुसरं आगर कधी एक-दोन किलोमीटरवर, कधी त्याहून लांब. मध्ये ना रस्ता, ना खूण. दुपारी मृगजळात शेजारच्याची झोपडी पाण्यावर तरंगल्यासारखी दिसते. शेजाऱ्याला बोलवायचं असेल तर आरशाचा कवडसा पाडून खूण करण्याची इथली जुनी रीत आहे. मोबाइल आले, तरी जिथे रेंज नाही तिथे आरसाच कामाला येतो.

अशा वस्तीत शाळा काढायची म्हणजे पहिला प्रश्न जागेचा. छोट्या रणाची महसुली मोजणीच झालेली नाही. कागदोपत्री ते ‘सर्व्हे नंबर शून्य’. कुठल्याच गावाच्या हद्दीत नाही, म्हणून कुठल्याच ग्रामपंचायतीचं नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या केंद्रीय नियमांत पहिली ते पाचवीची शाळा वस्तीपासून १ किलोमीटरच्या आत असावी असं म्हटलं आहे; पण इथे ‘वस्ती’ म्हणून कागदावर काही असायला तर हवं! शिवाय १९७३पासून हे रण घुडखरांचं, म्हणजे रानगाढवांचं, अभयारण्य आहे. पक्की इमारत उठवायची सोय नाही, आणि उठवली तरी पावसाळ्यात ती पाण्यात जाणार.

त्यामुळे शाळा आली ती तंबूत. ‘गणतर’सारख्या संस्थांनी आधी तंबूशाळा चालवून दाखवल्या, मग सर्व शिक्षा अभियानातून सरकारी रणशाळा आल्या. अलीकडे गुजरात एसटीच्या मोडीत निघालेल्या बसगाड्या आतून रंगवून, त्यांवर सौर पट्ट्या बसवून वर्ग केले आहेत. अगरियांसाठी काम करणाऱ्या अगरिया हितरक्षक मंचाने त्यासाठी बरीच खटपट केली. या बसचे फोटो छान येतात, वर्तमानपत्रांना ते आवडतात. फोटोचा मोह बाजूला ठेवला तरी बसचा फायदा खरा आहे. रणातला वारा सुटला की तंबूचे दोर तुटतात, वह्यांची पानं फडफडतात, डोळ्यांत खारी धूळ जाते आणि मास्तरांचा अर्धा तास तंबू सावरण्यात जातो. बसला निदान पत्रा आहे, खिडक्या लावून घेता येतात.

मुलं येतात चालत, काही सायकलवर. रणाची जमीन सायकलला फार चांगली, पण बेमोसमी पाऊस झाला की चिखलात चाक रुततं आणि शाळा दोन-चार दिवस बंद. वर्ग एकच. पहिलीतलं पोर पाटीवर ‘क’ गिरवत असतं, शेजारी चौथीतली मुलगी भागाकार करत असते आणि तिच्या मांडीवर धाकटं भावंड पेंगत असतं. भावंडाला आणू नको म्हटलं तर तीच येणार नाही, कारण आई-बाप दोघंही पाट्यात. हे ओळखणारा शिक्षक टिकतो. तो बहुधा याच गावांमधला, याच मुलांच्या बोलीत बोलणारा तरुण असतो. शहरातून रोज ये-जा करून ही शाळा चालणं अवघडच. बस असो की तंबू, शाळा अशा माणसावर उभी असते, आणि मानधनाच्या यादीत त्याचा नंबर सगळ्यात खाली असतो.

दुसरा तिढा हजेरीपटाचा. मुलाचं नाव गावच्या शाळेत असतं आणि मूल रणात. गुजरातमध्ये त्यासाठी स्थलांतर कार्ड काढलं गेलं: मूल कुठल्या इयत्तेत आहे, कुठवर शिकलंय हे त्यावर लिहायचं, रणातल्या हजेरीची नोंद करायची आणि परतल्यावर गावच्या शाळेने ती मानायची. कल्पना साधी आणि चांगली. ती दोन्हीकडच्या मास्तरांनी मनावर घेतली तर चालते, नाहीतर कार्ड पेटीच्या तळाशी जातं. गावात हंगामी वसतिगृहं आहेत, काही मुलं आजी-आजोबांकडे ठेवतात. मुलींना मात्र रणात न्यायचंच, भाकऱ्या कोण थापणार? रणशाळा प्राथमिकच्या पुढे फारशी जात नाही, आणि गळती नेमकी तिथेच होते.

आई-बापांना शिक्षणाची किंमत नाही, हे वाक्य सरकारी बैठकांत फार सहज बोललं जातं. पण रणातलं बिऱ्हाड व्यापाऱ्याच्या उचलीवर उभं असतं, आणि ती मिठातूनच फेडायची असते. मीठ मार्च ते मेमध्ये निघतं आणि परीक्षा एप्रिलमध्ये असते. शाळेला आपली तारीख हलवता येते, मिठाला येत नाही.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. बीडचे ऊसतोड मजूर कोयता घेऊन निघतात तेही दिवाळीच्या आसपास. साखरशाळा, हंगामी वसतिगृह, शिक्षण हमी कार्ड हे सगळे उपाय आपल्याकडेही करून झाले, आणि अडले ते त्याच जागी. तेव्हा आपल्या गावाजवळ ऊसतोड मजुरांच्या कोप्या पडल्या असतील, तर तिथली पोरं जवळच्या शाळेत जातात का, एवढं विचारून बघा. शाळा सोडल्याचा दाखला वेळेत आला नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही, असं शिक्षण हक्क कायद्याचं कलम ५ सांगतं. मुख्याध्यापकांना ते दाखवायला हरकत नाही.