सहा मिनिटांची टेकडी

पुण्यातल्या वेताळ टेकडीवरून उतरताना शेवटच्या वळणावर थांबून डोकी मोजायची, हा आमच्या घोळक्याचा जुना नेम. वर गेलेले अकरा, तर खालीही अकराच. मोजायचे काम नानांचे. कुणी मोर दिसला म्हणून मागे रेंगाळला असेल, तर तो येईपर्यंत कुणी हलायचे नाही.

उन्हाळ्यात प्रत्येकाजवळ पाण्याची एक जास्तीची बाटली असे. खाणीच्या वरच्या अंगाला लावलेल्या रोपांसाठी. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि घरात बसल्या बसल्या आम्हाला त्या रोपांचा घोर लागला. आळ्यांवर पालापाचोळा पसरून ठेवला होता, तेवढाच त्यांना आधार.

३ जूनपासून मोकळ्या जागी चालायला मुभा मिळाली, पहाटे पाच ते संध्याकाळी सात. पण एकेकट्याने, घोळक्याने नाही. नेमके त्याच दिवशी निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आले. पुण्यातही झाडे पडली. वारा निवल्यावर आम्ही दहा-दहा मिनिटांच्या अंतराने निघालो. चढावर मास्क ओला होऊन नाकाला चिकटायचा. सर्वांत आधी वर पोचलेल्या काकूंनी ग्रुपवर दोनच शब्द लिहिले: ‘सात जगली.’

एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सगळे बंद झाले. आठवड्याभरात आमच्यातल्या तिघांना ताप आला, त्यांत नानाही. त्या दिवसांत सहा मिनिटे चालून बघायची चाचणी सरकारने सांगितली होती, आणि आम्ही चालणारी माणसे तिला चिकटूनच राहिलो. आधी स्वस्थ बसून बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, आकडा लिहायचा. मग सपाट फरशीवर सहा मिनिटे चालायचे, जिना नाही. साठीच्या पुढच्यांनी तीनच मिनिटे. पुन्हा आकडा. तो ९३ च्या खाली गेला, तिनापेक्षा जास्त उतरला किंवा धाप लागली, तर डॉक्टरांना फोन. बसल्या जागी माणूस ठणठणीत दिसतो. चालताना शरीर जास्त ऑक्सिजन मागते आणि फुप्फुसांची खरी अवस्था कळते. कोरोना किती दबा धरून बसतो, हे मला त्या चाचणीनेच समजले.

ग्रुपचा ऑक्सिमीटर एकच. कापडी पिशवीतून तो या फाटकावरून त्या फाटकावर टांगला जायचा, पुसून घ्यायचा आणि वापरायचा. नाना हॉलपासून बाल्कनीपर्यंत बावीस पावले चालायचे, वहिनी घड्याळ धरायच्या. सकाळ-संध्याकाळ आकडे ग्रुपवर यायचे आणि आम्ही आपापल्या घरात श्वास रोखून वाचायचो. तिसऱ्या संध्याकाळी ९५ चे ९१ झाले. ‘मला काही होत नाहीये,’ नाना म्हणाले. आम्ही ऐकले नाही. दवाखान्यांची यादी पाच जणांनी वाटून घेतली, फोन लावत राहिलो. रात्री अकराला खाट मिळाली.

बारा दिवसांनी ते घरी आले. आता चढ झेपत नाही, म्हणून खालच्या बाकापर्यंतच येतात. काकू वरून येताना रोज एक फोटो आणतात. सातांतली मेडशिंग खांद्याएवढी झाली आहे. नाना तो नीट बघतात, फोन परत देतात आणि बोट उचलून आम्हाला मोजू लागतात.