जादू स्वस्त कशी करावी?

बालमित्रांनो, जादू करायला काय लागतं? तुम्ही म्हणाल, छडी आणि मंत्र. चूक! आधी लागतो हिशेब. हसलात ना? आमच्या विवळवेढ्याची मुलंही पहिल्यांदा अशीच हसली होती.

आमचं गाव डहाणू तालुक्यात, महालक्ष्मीच्या देवळाचं. चैत्र पौर्णिमेपासून इथे मोठी यात्रा भरते. त्यामुळे बाजारभाव आणि घासाघीस इथल्या मुलांना शिकवावी लागत नाही. पावसाळ्यात मात्र मैदानात चिखल. मग शनिवारी शाळा सुटायच्या आधी आम्ही वर्गात गोल करून बसतो आणि गोष्टीचा खेळ खेळतो.

हा खेळ मूळ अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन या दोघांनी 1974 साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' नावाने तो आणला. एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे तिच्यातली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी चोर, कुणी जादूगार. काय करायचं ते आपण ठरवायचं. जमलं की नाही ते फासा सांगतो. या खेळाला वीस बाजूंचा फासा लागतो. तो आमच्याकडे कुठला? आम्ही 1 ते 20 आकड्यांच्या चिठ्ठ्या रिकाम्या डब्यात टाकल्या. चिठ्ठी काढली की परत डब्यात टाकायची, म्हणजे दर वेळी सगळ्या आकड्यांना सारखीच संधी. खर्च शून्य!

खरी गंमत पुढेच आहे. या खेळात काही मंत्रांना साहित्य लागतं. आगीचा गोळा फेकायचा तर गंधक आणि वटवाघळाची विष्ठा! (शी! असं सगळा वर्ग एका सुरात ओरडला.) पण घाबरू नका. 2014 सालच्या नियमांत एक सोय आहे. 25 सोन्याच्या मोहरा देऊन जादूगाराने साहित्याचा बटवा घ्यायचा. ज्या किरकोळ वस्तूंची किंमत नियमात लिहिलेली नाही, त्या बटव्यात आहेत असं धरायचं. किंमत लिहिलेली वस्तू मात्र वेगळी विकत घ्यावीच लागते.

जादूची वस्तू ओळखायच्या मंत्राला 100 मोहरांचा मोती लागतो. महाग वाटतो? पण हा मोती वापरून संपत नाही. दहा वेळा वापरला तर एका वेळेला 10 मोहरा पडल्या, वीस वेळा वापरला तर 5. उलट घुबडासारखा मदतनीस बोलवायला 10 मोहरांचा कोळसा, धूप आणि वनस्पती लागतात, आणि त्या जळून जातात. घुबड लढाईत गेलं की पुन्हा 10 मोहरा! म्हणजे महाग काय आणि स्वस्त काय, हे नुसत्या किमतीवरून कळत नाही. वस्तू उरते की संपते, हे आधी पाहायचं.

आमच्या टोळीकडे 400 मोहरा होत्या. बटवा 25, मोती 100. घुबड तीनदा बोलवावं लागलं, त्याचे 30. उरल्या 245. पुढे राक्षसाची गुहा. मेलेल्या सोबत्याला जिवंत करणाऱ्या मंत्राला 300 मोहरांचा हिरा लागतो, आणि मंत्र मेल्यापासून एका मिनिटाच्या आत म्हणावा लागतो. मेल्यावर बाजारात पळून उपयोग नाही! हिरा आधीच हवा आणि मोहरा तर 55 कमी.

"बाई, भाव कमी करा ना!" मुलं म्हणाली. मी म्हटलं, "मला नका सांगू, व्यापाऱ्याला सांगा." मग त्यांनी व्यापाऱ्याची चिखलात रुतलेली गाडी ढकलून बाहेर काढली. खूश होऊन त्याने हिरा 245 मोहरांना दिला.

लगेच एका मुलाने शंका काढली. "नियमात 300 चा हिरा हवा. हा तर 245 चा झाला. मंत्र चालणार नाही!" झाला ना घोटाळा! अर्धा तास वाद चालला. शेवटी चौथीतली एक मुलगी उठली. तिच्या घरची माणसं चिकूच्या वाडीत कामाला जातात. ती म्हणाली, "बाई, वाडीवर चिकूचा भाव कमी आणि मुंबईत जास्त. भाव उतरला म्हणून चिकू कमी गोड होतो का?"

सगळे गप्प. हिरा तोच, मोलही तेच. फक्त आपण दिलेले पैसे कमी. मंत्र चालणार, असा निकाल लागला.

आणि हिरा वापरावाच लागला नाही! गुहेत योद्धा जबर जखमी झाला, तेव्हा जादूगारणीने वाट न पाहता जखम भरणारा मंत्र म्हटला. त्याला साहित्य काहीच लागत नाही. सगळ्यात स्वस्त जादू कोणती? वेळेवर केलेली!

खेळ संपला, तेव्हा एक मुलगा हळूच जवळ आला. "बाई, खरोखरच साप चावला तर किती सामान लागतं?"

मला हसू आलं नाही. त्याला म्हटलं, "सामान नाही रे बाळा, वेळ लागतो, तोही फार थोडा असतो." खेळातली किंमत पुस्तकात छापलेली असते, सगळ्यांना दिसते, आणि घंटा झाली की मोहरा संपतात. बाहेर कुणी मंत्राने विष उतरवतो म्हणून नारळ, कोंबडं, पैसे मागितले, तर ती जादू नव्हे. रानातली झाडंपाला जाणणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचा मान जरूर ठेवावा. पण साप चावलेल्या माणसाला धीर द्यावा, फार हलू देऊ नये, जखम कापू नये आणि थेट सरकारी दवाखान्यात न्यावं. सर्पविषावरचं औषध तिथे मिळतं. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणं हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. पालकांनीही हे लक्षात ठेवावं.

करून पाहा : आमच्या टोळीने घुबड एकदाच बोलावलं असतं, तर हिऱ्यासाठी किती मोहरा कमी पडल्या असत्या? आणि त्या तुम्ही कशा मिळवल्या असत्या? घरात सगळ्यांना विचारा. बघा, प्रत्येकाची युक्ती वेगळी निघेल!